मॅनेजरसाहेबांसमोर मी माझंच बाळ नाकारलं

आता कर्ज फिटलंय, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही. पण चहा खाली ठेवा आधी, ठसका लागेल.

तेव्हा आम्ही मुलुंडला नवीनच राहायला आलो होतो. सुहास, म्हणजे माझा नवरा, कामाला होता त्या कारखान्याला पाच महिने टाळं लागलेलं. उघडेल उघडेल म्हणून वाट बघून तो कंटाळला आणि एक दिवस म्हणाला, "सुमन, मी ड्रायव्हिंग स्कूल काढतो." गाडी त्याला उत्तम चालवता येत होती, फक्त गाडी नव्हती. ती खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे होती. डॉक्टर पुण्याला चालले होते आणि गाडी विकायची होती. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले.

मग कर्ज कुणाच्या नावावर? पक्की नोकरी घरात एकच, ती माझी. आणि मी होते बाळंतपणाच्या रजेवर, सव्वा महिन्याचं पोर मांडीवर घेऊन.

तेवढ्यात ऑफिसातली शैला बाळाला बघायला आली आणि झबलं देता देता सांगून गेली, "रजेवरच्या बाईला बँक दारात उभी करत नाही हं. बायका बाळंत झाल्या की नोकरी सोडतात, असं धरूनच चालतात ते."

झालं. त्या रात्री मी ठरवून टाकलं, रजेचं नावच काढायचं नाही.

"अगं, खरं काय ते सांग ना," सुहास म्हणाला.

"तू गप्प बस. तुला शाळा काढायची आहे ना?"

दुसऱ्या दिवशी त्याची युनियनची सभा होती, म्हणून मी सासूबाईंना बरोबर घेतलं. बाळ अंगावर पिणारं, घरी ठेवणार कसं? बँकेच्या दारात मी त्यांना बजावलं, "आई, तुम्ही त्या बाकावर बसा. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही."

सासूबाई मालवणच्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरा," म्हणाल्या, "आजपासून नाय वळखत."

मी कडक इस्त्रीची साडी नेसून, फाईल घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये. मॅनेजरसाहेब पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. माझं पगाराचं खातं याच बँकेत, त्याचा कागद बघत त्यांनी विचारलं,

"ऑफिस घाटकोपरलाच ना? जाता ना तिथे?"

"रोज," मी म्हटलं. "आज अर्धा दिवस सुट्टी टाकून आलेय."

"मुलंबाळं?"

आता इथे तरी मी खरं बोलायचं की नाही? पण जीभ सुटली होती. "अजून नाहीत."

आणि बाहेर बाळाने भोकाड पसरलं.

मॅनेजरसाहेबांनी मान वर केली. "बाहेर उकडत असेल हो बिचाऱ्याला." माणूस उठला, दार उघडलं आणि स्वतः सासूबाईंना आत बोलावलं. "आजी, इथे पंख्याखाली बसा." बसवलं कुठे? माझ्या शेजारच्या खुर्चीत.

बाळाला माझा वास आला. ते माझ्याकडे तोंड करून आणखी जोरात रडायला लागलं.

"आजी, बाळाची आई कुठेय?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. "कामाक गेली हा. काम झाला की येतली."

"एवढ्याशा पोराला टाकून?" साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणावं अशा आयांना?"

"खरंच बाई," मी म्हटलं.

सासूबाईंना दोन वर्षांत अशी संधी मिळाली नव्हती. त्या खुर्चीत नीट सरसावून बसल्या. "सांगतंय काय, सायबानू. सून माझी हट्टी. कोणाचा ऐकणा नाय. दूध गॅसवर ठेवता आणि पुस्तक वाचीत बसता. रोज उतू जाता. आणि सासयेन काय सांगल्यान तर म्हणता, तुम्ही गप्प बसा."

"अरेरे," साहेब म्हणाले. मग मला, "तुम्हाला काय वाटतं?"

"सासूचं ऐकायला हवं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

इतक्यात माझी खरी वाट लागली. ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना सांगायला नको. तान्हं बाळ शेजारी रडत असलं की आईच्या हातात काही राहत नाही. ब्लाऊज भिजायला लागला. मी फाईल छातीशी घट्ट धरली.

"फाईल द्या," साहेब म्हणाले.

"असू दे, मी वाचून दाखवते."

"अहो, बघायला तर लागेल ना?"

मी पदर खांद्यावरून घट्ट लपेटला आणि फाईल पुढे केली. साहेबांनी पगाराचा दाखला काढला. तो सुहासने आदल्या दिवशीच माझ्या ऑफिसातून आणला होता. मी त्यात नाव बरोबर आहे का, एवढंच बघितलं होतं. साहेबांनी तो मोठ्याने वाचला.

"सदर कर्मचारी सध्या भरपगारी प्रसूती रजेवर असून..."

ते थांबले. चष्मा काढला. एकदा माझ्याकडे, एकदा बाळाकडे बघितलं.

"आजी, ह्या बाई कोण?"

"हीच ती," सासूबाई म्हणाल्या.

मी रडायच्या बेतात होते. गाडी गेली, शाळा गेली, सुहासला काय सांगू? शैलाचं बोलणं, कारखान्याचं टाळं, सगळं एका दमात ओकून टाकलं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, पगार चालू आहे ना? मग तुमच्या रजेशी बँकेला काय करायचंय?"

"पण तुम्ही विचारलंत ना, ऑफिसला जाता का म्हणून?"

"बदली झाली असेल तर खात्यावरचा ऑफिसचा पत्ता बदलावा लागतो, म्हणून विचारलं." ते उठले. "आधी त्याला पाजा. मी बाहेर थांबतो." पडदा ओढून घेऊन तो माणूस वीस मिनिटं दाराबाहेर उभा राहिला आणि कुणालाही आत येऊ दिलं नाही. मॅनेजरच्या खुर्चीत बसून मी पोराला पाजलं.

घरी परतताना सासूबाईंनी बाळाचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाल्या, "मी थय बोललंय ता मनार घेव नको हां. सगळा खोटा."

"सगळं?"

त्यांनी विचार केला. "दुधाचा सोडून."

कर्ज महिनाअखेरच्या आत मंजूर झालं. गाडी आली, छतावर पाटी चढली, शाळा चालायला लागली. दोन वर्षांनी एक मुलगी गाडी शिकायला नाव घालायला आली. मॅनेजरसाहेबांचीच मुलगी. मी कौतुकाने तिला बसवलं, सरबत दिलं, वही उघडली आणि सकाळची कुठली वेळ मोकळी आहे ते सांगितलं.

ती संकोचून म्हणाली, "काकू, राग मानू नका. पण बाबांनी सांगितलंय, वेळ कुठली ते काकांकडूनच पक्कं करून ये."