रामभाऊ गुरव आणि मिस आयडाचं कुंड

माझे सासरे रामभाऊ गुरव २००७ च्या मे महिन्यात आमच्याकडे कॅरी शहरात आले आणि पहिल्याच आठवड्यात अमेरिकेवर रुसले. कारण काय, तर शेंगा. इथल्या दुकानातल्या भाजलेल्या, खारवलेल्या भुईमुगाच्या शेंगा त्यांनी फोडून पाहिल्या आणि पिशवी माझ्याकडे परत दिली. "ह्या शेंगा न्हवं, पोरी. ह्यांची मढी हाईत." केदार, म्हणजे त्यांचा मुलगा आणि माझा नवरा, सकाळी ऑफिसला जायचा तो संध्याकाळीच उगवायचा. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती. साहजिकच सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, फिरवायचं काम माझं. त्या दिवसांत मला कशाचाही राग यायचा, आणि तो मी गाडीच्या ॲक्सिलरेटरवर काढायचे.

ऑगस्टच्या शेवटी कुणीतरी सांगितलं की पूर्वेला, तंबाखू आणि रताळ्यांच्या शेतांकडे, ओल्या शेंगा मिळतात. तासाभराहून जास्त रस्ता. त्या वर्षी पाऊस नव्हता, मक्याची ताटं उभ्या उभ्या वाळलेली. बाबा खिडकीतून बघून चुकचुकत होते. एका वळणावर लहानसं पांढरं लाकडी चर्च लागलं आणि चर्चसमोर टेबल मांडून बसलेल्या मिस आयडा दिसल्या. ऐंशी कधीच ओलांडलेली, बारकी, ताठ बाई. टेबलावर भेंडी आणि मातीसकट ओल्या शेंगा. बाबांनी एक शेंग फोडून तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

शेंगा घेऊन झाल्या आणि बाबांना बाथरूमला जायची घाई झाली. आसपास कोस कोस काही नाही. मिस आयडांनी कमरेची किल्ली काढून चर्च उघडून दिलं. त्या चर्चचा झाडू, घंटा, फुलं, सगळं त्यांच्याकडेच होतं. पाद्रीबाई महिन्यातून दोनदा यायच्या.

बाबा गेले ते येईनात, म्हणून मी आत डोकावले. दाराजवळ कमरेइतकं उंच, पांढरंशुभ्र, गोल असं काहीतरी उभं होतं. मला ती झाडाची कुंडी वाटली. बाबा तिच्यापुढे उकिडवे बसले होते, कान तिला लावून. बोटाच्या पेरानं ठोकत होते.

"बाबा, उठा! त्या बाई काय म्हणतील?"

"गप. पोकळ वाजतंय," ते म्हणाले.

मिस आयडा मागे उभ्याच होत्या. त्यांनी सांगितलं ते असं: हे बाप्तिस्म्याचं कुंड. पाणी भरून बाळाच्या डोक्यावर घालतात. त्यांच्या जन्माआधी तंबाखूच्या एका श्रीमंत मालकानं ते इंग्लंडातल्या आठशे वर्षं जुन्या एका चर्चमधून जहाजानं आणून या चर्चला दिलं. दगड काळा, उदास दिसतो म्हणून त्यांच्या आजीनं पहिल्याच ईस्टरला त्याला पांढरा ऑइलपेंट दिला. मग दर ईस्टरला एक हात. आजीनंतर आई, आईनंतर मिस आयडा. खाली नक्षी आहे असं आजी म्हणायची. कसली, ते बघितलेलं आता कुणी उरलं नव्हतं. थरावर थर चढून कुंडाचा पार गुळगुळीत गोळा झाला होता. आणि यंदा, बहुधा या कोरड्या हवेनं, त्याला वरून खालपर्यंत तडा गेला होता. मिस आयडा त्यात लांबी भरून तो बुजवणार होत्या.

मी हे मराठीत सांगितलं, तसे बाबा ताडकन उभे राहिले. "बुजवू नगा म्हणावं! त्यो सोडतोय!"

आता रामभाऊ गुरवांचं सांगते, म्हणजे कळेल. आमचे सासरचे लोक गावच्या मारुतीचे गुरव. दर शनिवारी तेलात कालवलेला शेंदूर मारुतीला लावायचा, हे त्या घराचं काम. पणजा, आजा, बाप आणि बाबा. पन्नास वर्षं त्यांनी लावला. मारुती फुगत फुगत आता केवढातरी झालाय. वरून बसवलेले दोन डोळे सोडले तर बाकी सगळा शेंदूरच. खालची मूर्ती कशी आहे, हे चार पिढ्यांत कुणालाच ठाऊक नाही. पण देव कधीतरी कवच सोडतो. भार झाला की तो थर आपसूक निखळतो आणि मूळ रूप दिसतं. शेजारच्या गावच्या भैरोबानं सोडलं तेव्हा तालुका लोटला होता. ते एखाद्याच गुरवाच्या नशिबी असतं. बाबांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. केदारनं शिकावं, परदेशी जावं, ही सासूबाईंची हौस. यांना फक्त एकदा त्या शेंदराखालचं तोंड बघायचं होतं. सत्तरी उलटली होती आणि मारुती काही ढिम्म हलत नव्हता.

हे सगळं मी मिस आयडांना इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं, आता या आम्हाला हाकलणार. त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "दर वर्षी ब्रश उचलताना माझ्या मनात यायचं, खाली कोण आहे?" लांबीचा डबा त्यांनी कपाटात ठेवून दिला.

मग दर शनिवारी आमची वारी सुरू. दोघं म्हातारे बाकावर बसून उकडलेल्या शेंगा खायचे आणि कुंडाकडे बघायचे. याची भाषा तिला येत नाही, तिची याला येत नाही, आणि मध्ये मी. तडा रुंदावला, आडव्या भेगा फुटल्या, पण एक टवका पडेल तर शपथ. एकदा माझा संयम संपला. "बाबा, स्क्रू ड्रायव्हर घालून एक ठोका मारला की काम होईल."

"उकरून काढलेला देव दिसत न्हाई, पोरी. निस्ता दगड दिसतो. आपलं काम लावायचं. सोडायचं त्याचं काम."

घरी केदार वैतागला. "बाबा, इट्स जस्ट पेंट! तुम्ही इतकं सीरियसली काय घेताय, यार!" बाबांनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं बघितलं आणि शेंगा सोलत राहिले.

नोव्हेंबरात त्यांची मुदत संपली. शेवटच्या शनिवारीही कुंड तसंच उभं. बाबांनी त्याला हात जोडले, मिस आयडांनाही जोडले. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "न्हाई आपल्या नशिबात. आता गुडघं काय परत इकडं येऊ देत न्हाईत." मला एवढं वाईट वाटलं की त्या दिवशी मी गाडीसुद्धा हळू चालवली.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि मिस आयडांचा फोन आला. "नेत्रा, सोडलं त्यानं."

मी किंचाळलेच. "कसं आहे? काय दिसतंय?"

"मला काय माहीत?" त्या रागानंच म्हणाल्या. "दार उघडलं तर फरशीवर पांढरे तुकडे. मान वर न करता मागे फिरले, चादर आणली आणि चाचपडत त्यावर टाकली. तुझ्या सासऱ्यांनी वाट बघितलीय. ते आल्याशिवाय कुणी बघायचं नाही."

आणि खरंच कुणाला बघू दिलं नाही. पाद्रीबाईंनी समजावलं, लोक चिडले. त्या अवधीत एका बाळाचा बाप्तिस्मा झाला तो स्वयंपाकघरातल्या काचेच्या वाडग्यात. ईस्टर आला आणि गेला, आणि त्या चर्चच्या इतिहासात पहिल्यांदाच ब्रश बाहेर निघाला नाही. ऐंशीच्या पुढची बाई, उद्याचा भरवसा नाही, आणि तीन पिढ्यांचं गूढ एका चादरीमागे ठेवून रोज त्याच्याशेजारी झाडू मारत होती. माझ्यानं एक तासही धीर धरवला नसता.

मी त्याच दिवशी गावी फोन केला होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिनं बघितलं न्हाई?"

"नाही."

"तिकीट काढा," ते म्हणाले.

थंडी ओसरल्यावर, एप्रिलमध्ये ते काठी टेकत आले. चर्च भरलं होतं. मिस आयडांनी चादरीचं एक टोक धरलं, दुसरं बाबांच्या हातात दिलं.

चादर खाली आली. मी देवभोळी नाही, पण माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. करड्या दगडावर गोलाकार कमानी आणि प्रत्येक कमानीखाली एक माणूस उभा. मोठी डोकी, टपोरे डोळे, आखूड पाय. कुणाच्या हातात मासा, कुणाच्या हातात पोर. एक नुसताच दोन्ही हात वर करून उभा होता, तोंड उघडं, जणू आत्ताच आम्हाला बघून चकित झालाय. इतकी वर्षं रंगाच्या अंधारात उभी असलेली ती माणसं सकाळच्या उजेडात आमच्याकडे टक लावून बघत होती. केदार, "जस्ट पेंट" म्हणणारा केदार, बाकाला धरून पुढे वाकून बघत होता.

मिस आयडा रडायला लागल्या. "सांग त्यांना, एवढं सुंदर होतं आणि आम्ही तीन बायकांनी ते गाडून टाकलं."

मी सांगितलं. बाबांनी जोरानं मान हलवली. हात वर केलेल्या त्या माणसाच्या नाकावर त्यांनी अलगद बोट ठेवलं. "नाक बघ म्हणावं तिला. इतक्या पोरांचे, म्हाताऱ्यांचे हात लागले असते तर ऱ्हायलं असतं व्हय शाबूत? पांघरूण घातलंसा म्हून ऱ्हायलं."

मी तेही सांगितलं. मिस आयडांनी डोळे पुसले आणि आपलं बोट त्या नाकाला लावलं, बाबांच्या बोटाशेजारी.

मग बाबा काठीवर रेलून माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "आता मारुतीनं माझ्या हयातीत न्हाई सोडलं तरी चालंल, पोरी. मी आपला लावीत ऱ्हाईन. म्होरं कुणाच्या तरी डोळ्याला दिसंल."

"काय म्हणताहेत?" मिस आयडांनी विचारलं.

मी थोडक्यात सांगितलं. "घरी जाऊन आपल्या देवाला रंग लावायचाय म्हणतात."

"लावायलाच हवा," त्या म्हणाल्या.