नानांचा दोर आणि दहा बोटं

नानांच्या लेकीचा, मंदाचा, दोंडाईच्याहून फोन आला. "नाना गेले, काका," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "आग आटोक्यात आली का?" रडता रडताच ती हसली. "आग कसली? दुपारी भरीत-भाकरी खाल्ली, आडवे झाले, उठलेच नाहीत. सकाळपासून तुम्ही पाचवे आहात हे विचारणारे." मी "वा!" म्हणालो. मरणाच्या बातमीला वा म्हणू नये हे मलाही कळतं. पण जो माणूस पन्नास वर्षं यात्रेत शोभेची दारू उडवत आला, तो भरीत खाऊन झोपेत जातो, यापरता सुटकेचा निरोप आम्हाला कोणता मिळणार होता? पाचोऱ्याहून जीप करून आम्ही दोंडाईच्याला पोचलो. मी आधी हार घातला नाही, आधी बोटं मोजली. दहाच्या दहा. दोनदा मोजली.

महिनाभर मी लिहायचं टाळत होतो. कारण नानांनी आयुष्यभर माझी फार मोठी अडचण करून ठेवली. मी गावचा गप्पिष्ट, यात्रा कमिटीचा सेक्रेटरी, आणि या गृहस्थाच्या हातून कधी साधा मांडवसुद्धा जळाला नाही. मग मलाच रचावं लागे. आमच्या आतषबाजीच्या उजेडाने धुळ्याचे कोंबडे मध्यरात्री पहाट समजून फसले आणि आरवले, हे मी सांगितलं. नानांच्या बाणावर बसून एक बेडूक सातपुड्यापार गेला आणि पुढच्या वर्षी पोरंबाळं घेऊन परत आला, हेही सांगितलं. नाना शेजारी सुपारी कातरत बसलेले असत. गोष्ट संपली की म्हणत, "तसं काहीच व्हयनं नाही." झालं, सगळ्या फुग्याची हवा जाई.

परवानगीच्या बाबतीत तर हा माणूस म्हणजे चालतीबोलती कचेरी. यात्रा माघातली, पण नाना दिवाळीपासून माझ्या मागे लागत. अर्ज, जागेचा नकाशा, पोलिसांचं ना हरकत, पाण्याचा टँकर, वाळूच्या बादल्या, कुणाच्या अंगणात कापसाची गंजी आहे का त्याची पाहणी. जळगावला मी इतक्या फेऱ्या मारल्या की साहेबांच्या शिपायाने घरातल्या लग्नाचं पहिलं आमंत्रण मला दिलं. आणि सगळ्यात शेवटी निघायचा नानांचा दोर. जाडजूड, सुती, टोकाला लाल चिंधी. दारूच्या नळ्यांपासून तो टोकाला टोक लावत सहा वेळा टाकायचा आणि सहाव्या वेळी चिंधी पडेल तिथे माणसांची पहिली रांग. त्याच्या अलीकडे देव जरी आला तरी नाना त्याला मागे सरकवणार. लोक वैतागत. "नाना, वर्गणी आमची आणि मजा पलीकडच्या गावाला!" असं तोंडावर म्हणत. नाना नुसते हसत.

आता जे सांगतोय ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि यात तिखटमीठ अजिबात नाही, देवाशप्पथ.

माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला सहाव्या चिंधीवरून नुसता धूर दिसायचा. "यंदा तरी मला पुढे बसव रे," असं ती वर्षभर म्हणत होती आणि मी शब्द देऊन बसलो होतो. नानांना विचारलं, तर म्हणाले, "तुन्ही माय ती मन्ही माय. म्हनीसन तर नाही." मग मी काय केलं? यात्रेच्या सकाळी मंदिरामागे जाऊन दोर पाच हात कापला आणि चिंधी पुन्हा टोकाला बांधली. सहा वेळा टाकला की तीस हात मोकळे! मला वाटलं, काय डोकं चालवलं...

दिवेलागणीला नानांनी दोर टाकला. मी आईची खुर्ची सहाव्या चिंधीवर नेऊन ठेवली, तिला बसवलं, मांडीवर शाल घातली. नाना आले. त्यांनी नळ्यांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, मग चिंधी उचलून तिची गाठ अंगठ्याने चाचपली. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "वारा शे आज. आनखी दोन दोर मांगे चला बठ्ठा."

समोरच्या निंबाचं एक पान हलत नव्हतं.

"नाना, परवानगीत बसतं की हे अंतर!" मी म्हणालो.

"परवानगी कमीत कमी सांगस, सेक्रेटरी. जास्तीले कोन नाही म्हनस?"

कुरकुरत सगळे मागे सरकले. आई तर मला ऐकवत ऐकवत सरकली. आतषबाजी सुरू झाली, रंगली, आणि अगदी शेवटचा मोठा नळा पेटताना कलंडला. गोळा वर जायचा तो जमिनीवरून सरपटत आला आणि फुटला. लाल, हिरवा, पांढरा... जिथे आईच्या खुर्चीच्या चार पायांचे ठसे धुळीत उमटले होते, बरोबर तिथे. नानांनी दोन बादल्या वाळू ओतली. गावाला वाटलं हाच खास कार्यक्रम. शिट्ट्या, टाळ्या, "पुन्हा एकदा!" मी खाली बसून टाळ्या वाजवत होतो. आणि आई म्हणाली, "यंदा मला दिसलं रे! किती जवळून दाखवलं नानाने!"

पुढे ती जिवंत असेपर्यंत हेच सांगायची. नाना एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्यानंतर दोर स्वतःच्या खांद्यावरून उतरवून माझ्या हाती कधी दिला नाही, आणि मीही त्याच्याकडे धडपणे पाहिलं नाही. धुळ्याचे कोंबडे मी मग आणखी जोरात आरवायला लावले.

दिवसकार्य झाल्यावर मंदाने दोर आणून माझ्यासमोर ठेवला. "नाना म्हणाले होते, हा सेक्रेटरीचा." मी घरी येऊन तो ओसरीवर उलगडला. चिंधीच्या अलीकडे एक जोड होता. जुन्या मळकट सुताला वेगळा, पिवळसर दोर पीळ घालून असा बेमालूम गुंफलेला की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. म्हणजे त्यांना तेव्हापासूनच... मी हसलो, आणि बऱ्याच वर्षांनी छाती मोकळी झाली. मग तो तुकडा हाताने मोजला. मी पाच हात कापले होते.

नानांनी सहा जोडले होते.