वीस तोफांचं जहाज

आमच्या घरात जुन्या काळचं लढाऊ जहाज तयार होऊन राह्यलं होतं, आणि मला वाटत होतं, मालकांनी बाहेर बाई ठेवली. हसू नका. बदनापूरपासून दोन कोसांवरच्या गावातल्या बाईला जहाज सुचणार तरी कसं? आमच्या दुधना नदीला पाणी यायचं ते श्रावण-भादव्यात, तेही गुडघाभर. समुद्र गावात कुणीच बघितला न्हव्हता.

पोलिस ॲक्शनच्या आधीचा उन्हाळा होता तो. मोगलाई शेवटच्या घटका मोजत होती, पण हे आत्ता कळतं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की जो तो दुसऱ्याकडं वाकड्या नजरेनं बघतोय. गावोगावची माणसं बिऱ्हाड बांधून सरहद्दीपलीकडं चालली होती. कोण कुणाला काय सांगून येईल याचा नेम न्हव्हता. आणि मी तर मूळचीच संशयी. माझी आई म्हणायची, हिला देवळातला अंगारा दिला तरी ही आधी वास घेऊन बघेल.

आमचे मालक सुतार. त्यांच्या हातच्या बैलगाड्या भोकरदनपासून मंठ्यापर्यंत चालायच्या. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल न्हव्हतं, सासू-सासरे देवाघरी गेल्ते, जाऊ शेजारच्या घरात वेगळी. घरात आम्ही दोघंच. मागं लाकडं ठेवायची एक खोली होती. होळी झाली आणि एक दिवस त्या खोलीला कुलूप दिसलं.

"आत काय आहे हो?"

"लाकडं."

"लाकडं पळून चालली का, कुलूप घालायला?"

मालक हसले आणि भाकरीचा तुकडा मोडून पुढं जेवायला लागले. मुळातच कमी बोलणारा माणूस. मी मनात म्हणलं, थांबा, काढतेच शोधून.

मंग घरातल्या वस्तू जायला लागल्या. माझं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ गेलं. धुऊन ठेवलेल्या जुन्या धोतराचा तुकडा गेला. आणि एक दिवस करंडा उघडला तर कुंकवाखाली लावायचं मेण गायब! आता तुम्हीच सांगा, बाईच्या करंड्यातलं मेण कोण नेईल? दुसऱ्या बाईसाठीच नेईल ना? मी त्या दिवशी कुंकू लावताना रडले. मेण न्हव्हतं म्हणून कुंकू गळत होतं आणि डोळेही गळत होते.

त्यात भर म्हणजे पाणी. रोज दुपारी मालक हंडाभर कढत पाणी त्या खोलीत न्यायचे. मी म्हणलं आंघोळ करत असतील. पण पाणी आत जायचं आणि माणूस कोरडाच बाहेर यायचा. बया, हे काय गौडबंगाल? सागाच्या पातळ पट्ट्या वाफेवर धरून वाकवत होते ते, जहाजाचं पोट गोल यायला. पहिल्यांदा त्यांनी ते पोट बैलगाडीच्या साटीसारखं सपाट केलं होतं म्हणे, मंग सगळं मोडून पुन्हा धरलं. दोऱ्याला माझं मेण चोळून त्याचे जहाजाचे दोर केले, धोतराची शिडं केली. हे सगळं मला नंतर कळलं, ते कसं तेही सांगते.

बाईचा संशय एका दुपारी फिटला, तो दुसरा संशय घेऊन. बदनापूर टेसनाकडून टांगा आला आणि त्यातून एक म्हातारे गृहस्थ उतरले. शेरवानी, लाल टोपी, हातात काठी. जालन्याचे वकील आहेत, एवढंच मालक बोलले आणि त्यांना थेट मागच्या खोलीत घेऊन गेले. मी गोठ्यात गेले. गोठ्याच्या आणि त्या खोलीच्या भिंतीत वर एक झरोका होता. गाईच्या गव्हाणीवर चढले आणि कान लावला. लाज कसली? माझंच घर होतं.

वकील म्हणले, "तोफा हो गया क्या, मिस्त्री?"

मालक म्हणले, "सोळा झाल्या साहेब, चार ऱ्हायल्या."

"जल्दी करो. वक्त बहुत कम है. और किसी को मालूम नहीं होना. घर में भी नहीं."

"न्हाई साहेब. बिलकुल न्हाई."

मी गव्हाणीवरून खाली कशी आले ते आठवत न्हाई. सोळा तोफा! तुम्ही म्हणाल, लाकडाची कुठं तोफ असते का? पण मी सुताराची बायको. तोफेला गाडा लागतो, आणि गाडा लोहार न्हाई, सुतारच करतो, हे मला कळत होतं. त्या दिवसांत खाकी घालून, बंदुका घेऊन फिरणारी पोरं आम्ही बघत होतो. म्हणजे तोफा त्यांच्या, आणि त्या चालणार आपल्याच माणसांवर, आणि त्याचे गाडे माझा नवरा करून देतोय. शेरवानी बघितली आणि माझं गणित सुटलं. त्या म्हाताऱ्याचं तोंडसुद्धा मी नीट बघितलं न्हव्हतं.

दोन दिवस मी त्या कुलपाकडं बघत काढले. मालकांना विचारायचं, तर ते 'लाकडं' म्हणणार. तिसऱ्या दिवशी विहिरीवर धुणं धुताना जावेला सांगितलं. म्हणलं, तुला म्हणून सांगते, कुणाकडं बोलू नको. जाऊबाईंनी शपथ घेतली. जाऊबाईंची शपथ आणि फुटक्या घागरीतलं पाणी! चार दिवसांत बदनापूरच्या बाजारात लोक बोलायला लागले, अमक्या गावचा सुतार तोफा करून राह्यला.

आणि अमीन आला. भर दुपारी, दोन जवान घेऊन. अमीन म्हणजे ठाण्याचा मोठा साहेब. घोड्यावरूनच ओरडला, "मिस्त्री! तोपां कहाँ हैं?"

मालक पटाशी हातात घेऊन अंगणात उभे राह्यले. त्यांना आधी काही उमगेना. मंग त्यांच्या तोंडावर हसू आलं. म्हणले, "आहेत की साहेब. या, दाखवतो." आणि त्यांनी खोली उघडली. मीही मागून डोकावले.

बाकावर दोन हात लांबीचं जहाज उभं होतं. पुढची नाळ, म्हणजे जहाजाचं नाक, लांब निघालेली, दोन उंच डोलकाठ्या, त्यांना माझ्या दोऱ्याचं जाळं, धोतराची शिडं वाऱ्यानं फुगल्यासारखी. आणि दोन्ही अंगांना दहा-दहा तोफा. काळ्या शिसमाच्या, भुईमुगाच्या शेंगेएवढ्या. प्रत्येकीला खाली गाडा, गाड्याला चार चाकं, तुरीच्या दाण्याएवढी. सुतारच तो! चाकांना आससुद्धा घातला होता. मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसले.

अमीनही हसला. बोट लावून त्यानं तोफा मोजल्या. "बराबर बीस," म्हणला. मला वाटलं, झालं, सुटलो.

मंग त्याची नजर वर गेली. डोलकाठीच्या टोकाला नखाएवढा भगवा झेंडा होता.

"ये झंडा किसका?"

"जुन्या आरमाराचं जहाज आहे साहेब. त्याला तोच लागतो."

"किसने बनाने को बोला?"

मालकांनी पटाशी बाकावर ठेवली.

"कुणी न्हाई साहेब. माझीच हौस."

"बैलगाडीवाले को जहाज की हौस?" अमीनचं हसू पार गेलं. त्यानं जवानाला खूण केली. जवानानं जहाजाच्या वरच्या फळ्यांत संगीन घातली आणि उचकटल्या. आत बघायचं होतं म्हणे, काय लपवलंय. कडाड आवाज झाला. डोलकाठी आडवी पडली. आत काय असणार? काही न्हव्हतं. नुसत्या बारीक फासळ्या, एकीला एक लागून, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या. जिथं कुणाची नजर कधी जाणार न्हव्हती तिथंही मालकांनी खरबरीत काही ठेवलं न्हव्हतं. मी ते बघितलं आणि मला समजलं की मी काय करून बसले.

मालकांना घेऊन गेले. जहाजही पोत्यात घालून नेलं. जाताना मालक मला म्हणले, "गाईला पाणी दाखव." त्या दिवसांत ठाण्यात गेलेली काही माणसं परत आली न्हव्हती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

मला एक गोष्ट ठाऊक होती जी मालक सांगणार न्हव्हते: जहाज कुणी करवलं. सकाळच्या गाडीनं मी जालन्याला गेले. एकटी, आयुष्यात पहिल्यांदा. लाल टोपीवाले म्हातारे वकील म्हणून टांगेवाल्यांना विचारत त्यांच्या दारात उभी राह्यले आणि तोंडाचा पट्टाच सोडला. म्हणलं, "तुमच्या तोफांपायी माझा मालक आत गेला. तुमचं नाव घेतलं न्हाई त्यानं. आता तुम्ही काय करता ते सांगा."

म्हातारा मटकन खुर्चीत बसला. मंग मराठीत म्हणला, अगदी स्वच्छ मराठीत, "बाई, तोफा म्हणजे भेट. आहेर. आमच्या बोलीत भेटीला तोहफा म्हणतात, आणि बोलताना त्यातला 'ह' आम्ही खाऊन टाकतो."

म्हणजे ते विचारत होते भेट तयार झाली का, आणि मालक सांगत होते तोफा किती झाल्या. दोघंही एकमेकांशी बरोबर बोलत होते आणि शब्द वेगळे आहेत हे दोघांनाही कळलं न्हव्हतं. चुकीचं ऐकणारी तिसरी मी होते.

शाळेतले एक मास्तर वकिलांचे तीस वर्षांपासूनचे दोस्त. मूळचे कोकणातले, कुणी खापरपणजोबा आरमारात होते म्हणून जन्मभर त्याच गोष्टी सांगायचे. आता भीतीपोटी घर विकून पुण्याला चालले होते. त्यांना निरोपाला हे जहाज द्यायचं होतं. "पण बाई," वकील म्हणले, "यंदाच्या साली मुसलमानानं मराठ्यांचं जहाज करवून हिंदू दोस्ताला द्यायचं, तर दोन्हीकडचे लोक मला सोडतील का? म्हणून म्हणलं, घरातसुद्धा सांगू नको."

ते लगेच उठले. ठाण्यात जाऊन उन्हात तीन तास उभे राह्यले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. जहाज माझं, झेंडा मी सांगितला, मिस्त्रीचा काही कसूर न्हाई, असं लिहून दिलं. त्या वयात, त्या साली, हे लिहून देणं म्हणजे स्वतःच्या हातानं मान पुढं करणं होतं. माझ्या मनात त्यांच्याविषयी जे आलं होतं ते आठवून मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

चौथ्या दिवशी मालक सुटले. एक डोळा सुजलेला, पायात वहाण न्हाई. पोतं परत मिळालं. वकिलांनी ते तिथंच ओसरीवर उघडलं. मालक म्हणले, "आठ दिवस द्या साहेब. पहिल्यासारखं करून देतो."

वकील म्हणले, "रहने दो, मिस्त्री. अब किसको देना?" मास्तर आदल्या दिवशी मनमाडच्या गाडीनं गेल्ते. ते मोडकं जहाज वकिलांनी टांग्यात घातलं आणि स्वतःच्या घरी नेलं.

आम्ही दोघं पायी निघालो. मालक अनवाणी पुढं, मी मागं. गाव दिसायला लागलं तेव्हा मलाच राहवलं न्हाई. खरं बोलायची हिंमत न्हव्हती, म्हणून साळसूदपणे विचारलं, "कुणी सांगितलं असंल हो ठाण्यात?"

मालकांनी वाकून पायातला काटा काढला. मंग म्हणले, "अमीन म्हणला, बातमी तुझ्याच घरातून आली. मी त्याला म्हणलं, साहेब, आमच्या घरात तर आम्ही दोघंच असतो."

एवढंच. ना शिवी, ना मार. मी त्यांचे पाय धरले, रडले, सगळं सांगितलं. त्यांनी मला उठवलं आणि म्हणले, "झालं ते झालं."

पण त्या दिवसापासून मालक बोलायला लागले. गुपचूप राहणारा माणूस, पण आता घराबाहेर पाऊल टाकण्याआधी माझ्यापुढं उभा राहायचा. कुठं चाललो, कुणाकडं, कशासाठी, किती वेळ लागेल, बरोबर कोण आहे. कामाला घेतलेलं प्रत्येक लाकूड मला दाखवायचे. जहाजाचं सगळंही असंच सांगितलं, मेण कधी नेलं, धोतर कधी नेलं, एकेक करून. पहिले काही दिवस मला बरं वाटलं. म्हणलं, बघा, माणूस कसा मोकळा झाला.

मंग एकदा ते असेच सांगत असताना मी त्यांच्याकडं नीट बघितलं. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले, नजर जमिनीकडं, आवाज एकसुरी. मालक बायकोशी बोलत न्हव्हते. अमीनपुढं जबानी देत होते. मी म्हणलं, "अहो, नका सांगू. मला काही विचारायचं न्हाई." ते म्हणले, "असू दे, तुला ठाऊक असलेलं बरं." त्यानंतर एकतीस वर्षं ते जगले, आणि एक दिवस चुकला न्हाई.