मॉनिटरला कुंकू

आमच्या कोपरखैरण्याच्या घरात एक नियम आहे. ज्या वस्तूला वायर आहे, तिला मी हात लावायचा नाही. नियम बायकोने केला, सासूबाईंनी साताऱ्याहून फोनवरून तो उचलून धरला, आणि ऐरोलीच्या आयटी पार्कात अर्धं आयुष्य काढलेल्या मला तो मुकाट्याने पाळावा लागला. ऑफिसात मी दिवसभर कॉम्प्युटरसमोरच बसतो, हे खरं. पण तिथला कॉम्प्युटर बिघडला की मी तक्रार टाकतो आणि चहाला जातो. घरचे लोक याला अनुभव मानत नाहीत.

नियमाला कारणही तसंच घडलं होतं. घरात एक जुना मॉनिटर होता. त्याच्यावर बोटांचे ठसे दिसतायत, असं बायको सहज बोलून गेली. मी आरसा पुसायचा निळा स्प्रे घेतला, चालू मॉनिटरवर चांगला सढळ हाताने मारला आणि फाटक्या बनियनने खसाखसा घासला. फवारा ओघळत खाली गेला आणि पडद्याच्या खालच्या फटीत दिसेनासा झाला. मला वाटलं, सुकला. थोड्या वेळाने खालच्या कोपऱ्यात एक काळा डाग उगवला, आणि संध्याकाळपर्यंत त्याने अर्धा पडदा खाल्ला.

"उरलेला अर्धा मात्र चकचकीत आहे हो," बायको म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

कारण तो मॉनिटर तिच्या कामाचा होता. बायको गणित शिकवते. जुईनगरच्या एका क्लासमध्ये ती कित्येक वर्षं शिकवायची. तो क्लास बंद पडला आणि ती घरी बसली. म्हणजे बसली नाही, डबे घासघासून पांढरे करू लागली. मग एक दिवस तिने ठरवलं, आपणच ऑनलाइन क्लास काढायचा. ओळखीतल्या काही आईवडिलांनी सांगितलं, आधी एक तास शिकवून दाखवा, मुलांना आवडलं तर पाठवू. त्या एका तासावर सगळं होतं. तो जमला तर तिचा क्लास, नाही तर पुन्हा डबे.

"पण लॅपटॉपवर नाही जमायचं मला," ती म्हणाली. "त्याच्यावर मुलांची तोंडं पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसतात. पोराला कळलंय की नुसतंच मान हलवतंय, हे मी तोंडावरून ओळखते. तोंडच दिसलं नाही तर शिकवू काय? भिंतीला?"

म्हणून नवा मोठा मॉनिटर आला. तास दसऱ्याला संध्याकाळी ठरला. सासूबाई मुहूर्त गाठायला आदल्या दिवशीच साताऱ्याहून आल्या, आणि सोबत एक पिशवी घेऊन आल्या. त्या पिशवीबद्दल पुढे सांगतो.

मी खोक्यापाशी जाऊन उभा राहिलो. "मी लावतो."

"हात मागे," बायको म्हणाली.

"अगं, जुना मी मारला ना? मग नव्याची सेवा मलाच करू दे. या वेळी पुस्तिका वाचून लावतो."

मी पुस्तिका वाचतो म्हणालो, याचंच तिला इतकं आश्चर्य वाटलं की ती हो म्हणून गेली. लग्नापासून मी औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा वाचलेलं नाही.

आणि खरंच वाचली हो. उभ्या मॉनिटरला बूड बसवायला गेलात तर तो तोंडावर आपटतो. म्हणून आधी काहीतरी मऊ अंथरायचं आणि त्यावर तो पालथा झोपवायचा. मी सासूबाईंनी शिवलेली गोधडी आणली, पलंगावर चौपदरी घातली आणि मॉनिटर तिच्यावर पालथा घातला. पडद्यावर बोटं टेकू न देता, कडांना धरून. सासूबाई दारातून बघत होत्या.

"जावईबापू, बाळ न्हायला घालताय का काय?"

"आई, याला दाबलं तर आतून फुटतो."

"आमच्या ल्येकीला कधी असं धरलं न्हाई ते."

बूड बसलं, स्क्रू आवळले, मॉनिटर टेबलावर उभा राहिला. मी त्याच्यासमोर ऐटीत बसलो. वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हात लांब केल्यावर बोटं पोचतील एवढं. सगळं पुस्तिकेबरहुकूम. मग बायको येऊन बसली आणि तिची मान वर, वर, आणखी वर गेली.

"ल्येक बघा की, इमान शोधतीया आभाळात," सासूबाई म्हणाल्या.

मी पावणेसहा फूट आणि बायको माझ्या खांद्याएवढी, हे इतकी वर्षं संसार करून माझ्या लक्षातून गेलं होतं. पुस्तिकेत 'डोळ्यांच्या रेषेत' असं लिहिलं होतं, कोणाच्या ते नव्हतं. मॉनिटर खाली सरकवला. मग कळलं की मी टेबल असं मांडलंय की बसणाऱ्याची पाठ गॅलरीकडे येते, त्यामुळे पडद्यावर मुलांऐवजी समोरच्या बिल्डिंगमधल्या वाळत घातलेल्या चादरी दिसतायत. टेबल फिरवलं. चादरी गेल्या. शेवटी बायकोने पडद्याकडे नीट बघितलं आणि बोलली काही नाही. आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात. त्या दिवशी मी जेवायला बसलो तो छाती काढून.

दसऱ्याची सकाळ उजाडली. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात. विळी, कात्री, माझा कधी न वापरलेला स्क्रूड्रायव्हर, बायकोची खडू-पट्टी, सगळं पाटावर मांडायचं आणि हळदकुंकू वाहायचं. बायको आंघोळीला गेली होती. सासूबाई झेंडूची माळ ओवत होत्या. माझ्या मनात आलं, आजचं खरं हत्यार तर टेबलावर उभं आहे! ज्याच्यावर बायकोचं नशीब चालणार, त्याला कुंकू नको?

मी वाटीत कुंकू कालवलं. आणि पडद्याच्या बरोब्बर मध्यभागी, अनामिकेने, एक ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर हळदीची बोटं ओढली. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. देखणं दिसत होतं, शपथेवर सांगतो.

कुंकू जरा जास्त पातळ झालं होतं. स्वस्तिकाच्या चारही पायांतून लाल ओघळ सुटले आणि संथपणे खालच्या कडेकडे निघाले.

बायको केस पुसत बाहेर आली. तिने पडदा बघितला, मला बघितलं, आणि टॉवेल तसाच हातात राहिला. "अहो, हे काय? पडद्यावर?"

"पूजा," मी म्हणालो.

"आज संध्याकाळी मुलं येतायत माझी!" एवढंच बोलली, पण आवाज असा होता की सासूबाईंच्या हातातली सुई थांबली.

माझा हात आपोआप कपाटाकडे गेला, जिथे तो निळा स्प्रे असतो. बाटली हातात आलीसुद्धा. आणि मग, कसं कोण जाणे, मला तो जुना काळा डाग दिसला. मी बाटली परत ठेवली. हे माझ्या आयुष्यातलं पहिलं शहाणपण असावं.

"कोणी हात लावू नका," मी म्हणालो. हे वाक्य आमच्या घरात नेहमी मला उद्देशून म्हणतात. मी म्हटल्यावर दोघी दोन पावलं मागे सरकल्या.

आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग वायर काढली. ओघळ खालच्या फटीपर्यंत पोचायच्या आत माझ्या चष्म्याच्या डबीतल्या मऊ फडक्याचं टोक लावून ते टिपून घेतले. घासायचं नाही, नुसतं टेकवून शोषून घ्यायचं, कारण कुंकू घासलं तर त्याची पूड पडद्यावर ओरखडे काढते. मग फडक्याची दुसरी बाजू साध्या पाण्यात भिजवली, इतकी पिळली की थेंब पडेना, आणि वरून खाली हलक्या हाताने फिरवत गेलो. पाणी फडक्यावर, पडद्यावर नाही. शेवटी बायकोच्या चष्म्याचं कोरडं फडकं.

"तोंड पुसायलाय जणू लहान्याचं," सासूबाई पुटपुटल्या. पण या वेळी त्यात टोमणा नव्हता.

पडदा स्वच्छ झाला. कडेला एक गुलाबी छटा राहिली, ती अजून आहे. मी स्वस्तिक पुन्हा काढलं, कोरड्या कुंकवाचं, मॉनिटरच्या बुडावर. सासूबाई अक्षता टाकायला पुढे आल्या तेव्हा मी दोन्ही हात आडवे केले. मॉनिटरच्या पाठीला हवा जायला जाळी असते, तांदूळ आत गेले असते तर तो जन्मभर खुळखुळला असता. अक्षता पाटावर पडल्या. झेंडूची माळ मात्र सासूबाईंनी मागून अडकवलीच, जाळी सोडून, जरा खालच्या बाजूला. तिथे मी हरलो.

दुपारभर मॉनिटर तसाच वाळू दिला. संध्याकाळी बायको हिरवी साडी नेसून टेबलाशी बसली. सासूबाई पलंगाच्या कडेला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने. मी वायर लावली, बटण दाबलं.

पडदा काळा.

लॅपटॉपवर मुलं येऊ लागली होती. पोस्टाच्या तिकिटाएवढी. बायकोने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात निळा स्प्रे होता, कुंकू होतं, आणि जुईनगरचा बंद क्लासही होता.

माझा हात वर गेला. आमच्या लहानपणी टीव्ही बंद पडला की डोक्यावर थाप मारायचे आणि तो मुकाट चालू व्हायचा, तो संस्कार अजून माझ्या तळव्यात आहे. हात हवेतच थांबवला. पुस्तिकेतलं चित्र आठवलं. मॉनिटरच्या कोपऱ्यातला बारीक दिवा लागलेला होता. म्हणजे वीज आहे, मॉनिटर जिवंत आहे. फक्त लॅपटॉपकडून चित्र पोचत नाहीये. मग अडलंय कुठे? मधल्या वायरीत.

मी टेबलाखाली शिरलो. मागून हात घातला तर बोटांना झेंडू लागला. सासूबाईंची माळ थेट त्या वायरीवरच लोंबत होती, आणि तिच्या वजनाने वायरीचं टोक जागेवरून थोडं सुटलं होतं. माळ काढली, गळ्यात घातली, कारण ठेवायला जागा नव्हती. बटण बंद केलं, टोक सरळ धरून आत दाबलं. ते नीट बसल्याचं बोटांना कळलं. बटण चालू केलं.

टेबलाखालून मला फक्त बायकोचा आवाज ऐकू आला. "अय्या!"

मी वर डोकं काढलं तर पडदाभर मुलं. खरी मुलं, दात पडलेली, वेणी सुटलेली, एक जण तर जिलेबी खात होता. आणि सगळी माझ्याकडे बघत होती, कारण गळ्यात झेंडूची माळ घातलेला माणूस टीचरच्या शेजारी टेबलाखालून उगवला होता.

"टीचर, हे कोण?" जिलेबीवाल्याने विचारलं.

"हे आमचे मेकॅनिक," बायको म्हणाली. "नमस्कार करा."

सगळ्यांनी केला. मी माळेसकट वाकलो.

मग ती शिकवायला लागली. तिने आपट्याचं पान हातात धरलं, ते मधोमध दुमडलं आणि म्हणाली, "बघा, हा अर्धा." अपूर्णांक सुरू झाले. मी कोपऱ्यात उभा राहून मुलांची तोंडं बघत होतो. मला सगळी सारखीच हुशार दिसत होती. मध्येच बायको थांबली. "ए, डाव्या कोपऱ्यातली, पिवळा फ्रॉक. तुला अडलंय ना? मान हलवू नकोस, भुवई सांगतीय तुझी."

पिवळ्या फ्रॉकने मान खाली घातली, मग हळूच म्हणाली, "पाव म्हणजे अर्ध्याचा अर्धा का?"

"शाब्बास! हेच तर विचारायचं होतं." बायकोने पान पुन्हा दुमडलं. पिवळ्या फ्रॉकच्या मागून तिची आई चौकटीत आली. "मॅडम, ही ऑनलाइन कधी तोंड उघडत नाही हो. आम्ही सोमवारपासून येतो." तिच्यामागून बाकीचे आईवडीलही बोलायला लागले, सगळे एकदम, आणि बायको हसत हसत सगळ्यांना हात दाखवून थांबवत राहिली.

तास संपला. बायकोने खुर्ची मागे सरकवली आणि हातातलं पान, जे दुमडून दुमडून अगदी पाव भागाएवढं झालं होतं, माझ्या हातात ठेवलं. "घ्या. या घरातलं पहिलं सोनं तुमचं." तिच्या आईच्या देखत, बरं का. सासूबाईंनी कौतुकाने आपट्याचं एक पान मॉनिटरच्या डोक्यावर ठेवायला घेतलं.

"आई, जाळीवर नको, बुडाशी ठेवा," मी म्हणालो.

मग सासूबाईंनी ती पिशवी उघडली. आत त्यांच्या जुन्या लुगड्याचं, जरीचा काठ लावलेलं, झालरीचं एक झाकण होतं. मॉनिटरच्या मापाचं, म्हणजे जवळजवळ. "टोपडं आणलंय त्याला, धूळ बसू नये म्हून. घाल गं."

बायको टोपडं घेऊन मॉनिटरकडे निघाली. मग मध्येच थांबली आणि माझ्याकडे वळली.

"अहो, घालू का आत्ता?"

वायरवाल्या वस्तूबद्दल, आमच्या घरात, मला विचारून! मी माळ सारखी केली, घसा खाकरला आणि पडद्याच्या पाठीला हात लावून बघितलं.

"आधी बंद कर," मी म्हणालो. "गार होऊ दे. मग घाल."

आणि ती थांबली.