जावेच्या हातची पोत

मण्यांचे दागिने फोनवर शिकता येतात, असं पुतणीने सांगितलं तेव्हा मी हसले. समोर बसवून शिकवलं तरी माझ्या डोक्यात लवकर शिरत नाही, आणि हे तर उंटावरून शेळ्या हाकणं. पण तिचा हट्ट मोठा. तिने तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या धाकट्या जावेच्या फोनवर क्लास लावून दिला. फोन जावेचा म्हणून नावही जावेचंच टाकलं. दुपारची जेवणं उरकली की मोहाडीच्या आमच्या घरात मागच्या खोलीत आम्ही दोघी फोन डाळीच्या डब्याला टेकवून बसायचो.

माझे यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. दिराच्या घरातच राहते, चूल एकच. पुतणी दूध सुटल्यापासून माझ्या कुशीत झोपली. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या तापात मी जागले. ती मला मोठी माय म्हणते. जावेला शेतातली कामं फार, म्हणून पोर माझ्याकडे आली आणि माझीच झाली, असं मी धरून चालले होते.

क्लास घेणारी बाई कुठल्याशा मोठ्या शहरातली, गोड बोलणारी. तिच्यासमोर मखमलीचा तुकडा आणि त्यावर रंगारंगाच्या मण्यांच्या वाट्या. मी आपलं सूप घेऊन बसायचे. तांदळातली कनकी पाखडतात तसे मणी हलक्या हाताने पाखडले की फुटके बरोबर पुढे येतात. बाईला ते इतकं आवडलं की तिने सगळ्यांना दाखवायला लावलं. तिने सांगितलेली वायर पार्सलने यायला उशीर लागला, तर मी बाजारातल्या जाळी विकणाऱ्याकडून मासे धरायची नायलॉनची तंगूस आणली. तिच्या वायरपेक्षा ती पक्की निघाली, हेही मी तिला सांगितलं, कारण गप्प बसायचा माझा स्वभाव नाही.

जाऊ चार दिवसांत कंटाळली. ती फोन धरायची, चार्जिंग बघायची, मधेच भिंतीला टेकून डुलकी काढायची. कॅमेऱ्यात फक्त माझे हात दिसायचे आणि बाई मला जावेच्या नावाने हाक मारायची. मी ‘हो ताई’ म्हणायचे आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. एकदा बाई म्हणाली, यांच्याकडून शिका, या बांगड्या काढून बसतात, म्हणून यांचं काम इतकं सफाईचं होतं. तुम्हीही सगळ्यांनी काढून बसा. त्यावर जावेला हसू आलं. मला नाही आलं. त्या बाईला कुठून ठाऊक असणार, माझे हात का मोकळे आहेत ते.

मग काळ्या मण्यांचा धडा आला. मंगळसूत्राची पोत कशी ओवायची, मधे सोन्याचे मणी कसे सोडायचे, शेवटची गाठ कशी लपवायची. मी सुई खाली ठेवली. आमच्याकडे काळी पोत सवाष्णीने ओवायची असते. माझ्यासारखीने तिच्यापासून हात लांब ठेवायचा. हे कोणी बसवून शिकवत नाही, एकदा कपाळ पुसलं की आपोआप कळतं. जाऊ म्हणाली, "फोनवर कोन पाहून राहिलं, बाई? ओवा तुमी."

मी ओवली. जाऊ त्या दिवशी मला सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची वाटली.

पोत चांगली साधली. आधी शेजारणीने मागितली, मग तिच्या बहिणीने, मग आणखी कोणी. पोती ओवायची मी आणि बायकांना नेऊन द्यायची जाऊ. मी कुणाच्या दारात जात नाही, हे नेहमीचंच होतं. बायका काय म्हणतात ते ती येऊन सांगायची आणि मी दुप्पट जोमाने बसायचे. त्यांना तिने माझं नाव सांगितलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. न सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं वाटायचं. काळ बदलला आहे, आता कोण इतकं मानतं, असं मी मनाशी म्हणायचे. बदललेला काळ मला एकटीलाच दिसत होता, एवढंच.

पुतणीची सोयरीक दिघोरीकडे जुळली. साखरपुड्याला होणारी सासू आली, तिने जावेच्या फोनवर पोतींचे फोटो पाहिले आणि म्हणाली, डोरलं आम्ही आणू, पोत मात्र तुमच्याच घरची पाहिजे. मी आत पुऱ्या लाटत होते, पण कान बाहेर होते. लाटणं हातातच राहिलं. ज्या पोरीला मी वाढवलं, तिच्या गळ्यात माझ्या हातचं काम राहणार होतं. मला दुसरं काही नको होतं. साड्या देणारे, भांडी देणारे पुष्कळ होते. माझ्याजवळ देण्यासारखं हेच होतं.

ती पोत मी घाईने केली नाही. प्रत्येक मणी उजेडात धरून पाहिला. पुतणी शेजारी बसून सोन्याचे मणी कुठे यावेत ते सांगायची, पुन्हा बदलायची, आणि मी उसवून पुन्हा ओवायचे. मी चिडवायचे की तुझा नवरा काही मणी मोजायला बसणार नाही. ती लाजायची आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवायची. आयुष्यात त्याहून सुखाचे दिवस मला फारसे आठवत नाहीत.

लग्न लागलं. मंगळसूत्र बांधताना मी पुढे गेले नाही, खांबाजवळ उभी राहिले, तिथून नीट दिसत होतं. नंतर सासूने तिच्याकडच्या बायकांना बोलावलं, सुनेच्या गळ्यातली पोत दोन बोटांवर उचलून धरली आणि म्हणाली, "ही आमच्या विहीनबाईनं सोता ओवली. सवाशिनीच्या हातची हाय."

बायकांनी जावेला घेरलं. कोणी विचारलं कुठे शिकलीस, कोणी म्हणालं मलाही करून दे. जाऊ हसत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आमच्याच घरात, आमच्याच चुलीपाशी राहतो, हे मला त्या मांडवात समजलं. माझ्या हातात पानाचं तबक होतं. मी ते सगळ्यांपुढे फिरवलं, तिच्यापुढेही.

पाहुणे गेल्यावर मी तिला विचारलं. ती भांडी आवरत होती, तिने वर पाहिलं नाही. ते लोक जुन्या वळणाचे आहेत, कळलं असतं तर पोत नाकारली असती, भर मांडवात तमाशा झाला असता, असं म्हणाली. सगळं खरं असेल. पण मला आधी विचारलं असतं तर मीच म्हणाले असते, सांग बाई तुझं नाव, पोरीचं भलं होऊ दे. मला विचारावं असंच कुणाला वाटलं नाही. माझे हात चालले, मी नाही चालले. तेव्हापासून जावेशी माझं बोलणं मिठापिठापुरतं उरलं. क्लास सुटला. क्लासच्या बाईचा फोन आला की जाऊ उचलायची आणि नंतर बघू म्हणून ठेवायची.

मनात एकच आधार होता. पोरीला तर ठाऊक आहे. तिने मणी न् मणी पाहिला आहे. तिकडे ती काही बोलू शकली नसेल, नवी नवरी कशी बोलणार, पण आली की माझ्या बाजूने आईशी भांडेल.

पुतणी पहिल्यांदा माहेरी आली. दुपारी माझ्या खोलीत येऊन बसली. मी दार लोटलं आणि साठलेलं सगळं सांगितलं, की तुझ्या आईने माझं काम आपलं म्हणून खपवलं आणि मला माझ्याच घरात परकी केलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर उठून आईला विचारायला जाईल. ती साडीचा काठ बोटाला गुंडाळत बसली.

"आईले कायले बोलतेस?" ती म्हणाली. "मीच सांगतलं होतं तिले."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी विचारलं, केव्हा? ती म्हणाली, साखरपुड्याच्याच दिवशी. म्हणजे माझ्या मांडीवर डोकं ठेवून मणी निवडत होती, तेव्हा हे ठरलेलं होतं. मग ती भराभर बोलू लागली, सासूचा स्वभाव असा, नणंद तशी, तिकडे फार पाहतात. जावेनेही हेच सांगितलं होतं. मी तिला थांबवलं. म्हटलं, "सासूचं राहू दे. मले तुझं सांग. माझ्या हातची पोत गळ्यात हाय, तर तुले भेव वाटते का?"

तिचा हात पोतीवर गेला. खोटं बोलली असती तरी मला चाललं असतं. मी तेवढ्यावर सगळं विसरले असते, जावेलाही माफ केलं असतं.

"थोडंसं वाटते," ती म्हणाली.

जावेने फसवलं तेव्हा मी पेटले होते. आता राग आला नाही. मला एकदम थकल्यासारखं झालं. मी उठले, चुलीवर चहाचं आधण ठेवलं, आणि पाहुण्यांना विचारतात तसं तिला विचारलं, साखर किती घालू.