बांधावर दाखवलेला फोटो

आमच्या बाबांना आयुष्यात कुठेही फिरायला जायचं नव्हतं. सिमला नको, केरळ नको, अष्टविनायकसुद्धा गाडीत बसून कंटाळा येतो म्हणून अर्धे राहिलेले. त्यांनी एके दिवशी माझ्यासमोर मोबाईल धरला आणि म्हणाले, "बाय, हे बघ. आवणी चाललीय. कंचं गाव हाय हे?"

भातलावणीचा तो व्हिडिओ जावा बेटावरचा होता, इंडोनेशियातला. गुडघाभर चिखल, वाकलेल्या बायका, हातात रोपांच्या जुड्या. बाबांनी तो किती वेळा पाहिला असेल देव जाणे. शेवटी म्हणाले, "मना इकरं ने."

इथे थोडी आमची ओळख. आम्ही बाळकुमचे आगरी, मूळ शेतकरी. खाडीच्या बाजूला आमची भातखाचरं होती. ती बिल्डरला दिली आणि त्या जागेवर टॉवर उभे राहिले. त्यातल्याच एकात आम्ही राहतो, बरंच वर. बाल्कनीतून खाली बघून बाबा अजूनही सांगतात, जिममध्ये दिवे दिसतात ना, तिथे रोपांसाठी जमीन, म्हणजे राब, भाजायचो. दर पावसाळ्यात ते मासळीबाजारातून थर्माकोलचे खोके आणतात, त्यात माती भरतात आणि बाल्कनीत भात लावतात. खालच्या फ्लॅटच्या भिंतीला ओल येते, सोसायटीची नोटीस येते, बाबा खोके दोन वीत सरकवतात आणि विषय पुढच्या पावसाळ्यावर जातो.

आईला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, "मी जन्मभर चिखलान व्हते. पैसं भरून चिखल बघाया मी नाय येत." मग एप्रिलच्या सुट्टीत आम्ही दोघंच निघालो.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: मुंबईहून थेट विमान नाही. आम्ही क्वालालंपूरला बदलून योग्यकार्ताला उतरलो. तिथले लोक शहराला जोग्जा म्हणतात. व्हिसा उतरल्यावर मिळतो, पण ऑनलाइन आधीच काढलात तर रांग वाचते. विमानतळ शहरापासून लांब आहे. शहरात जायला रेल्वे आहे, ती स्वच्छ, स्वस्त आणि वेळेवर. रुपियाच्या नोटांवर शून्यं इतकी असतात की पैसे बदलून घेतल्यावर बाबा काउंटरपासूनच छाती काढून चालायला लागले. "लाखानं मोजतंय बाय!" पुढे चहाचे हजारो रुपिया दिल्यावर ती छाती जागेवर आली.

बोरोबुदूर पाहिलं. भव्य आहे, अवश्य बघा, सकाळी लवकर जा. त्यावर भरपूर लोकांनी लिहिलंय. बाबा पायऱ्या चढताना सारखे मागे वळून खालची शेतं बघत होते, तेव्हा आमचं बोरोबुदूर लवकरच आटोपलं.

गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. जोग्जापासून गाडीने तासाभराचा रस्ता, शेवटचा टप्पा अरुंद पण पक्का. खड्डा शोधूनही सापडला नाही, हे घोडबंदर रोडवरून रोज कोलशेतला ऑफिसला जाणाऱ्या बाईने लिहिलेलं वाक्य आहे, त्याचं वजन समजून घ्या. दोन्ही बाजूंना नारळ, केळी, मध्ये पाटाचं वाहतं पाणी, आणि त्यापलीकडे नजर पोचेल तिथवर भात. तिथे बारमाही पाणी असल्यामुळे एका खाचरात आवणी चाललेली, शेजारच्यात कापणीला आलेला पिवळा भात. बाबांनी गाडी थांबवायला लावली. उतरले, चपला काढल्या आणि बांधावर नुसते उभे राहिले. मी फोटो काढायला गेले तर म्हणाले, "थांब जरा."

आमचे यजमान पाक कार्यो. पाक म्हणजे आपण काका म्हणतो तसं. वय बाबांच्या आसपास, अंगाने बारीक. त्यांची मुलगी वुलान जोग्जाच्या एका हॉटेलात काम करते, सुट्टीला घरी येते. तिला इंग्रजी येतं. म्हणून बाबा आगरीत बोलणार, मी इंग्रजीत सांगणार, वुलान जावानीजमध्ये, आणि उत्तर त्याच वाटेने परत, अशी आमची व्यवस्था.

घर कौलारू, ऐसपैस, सागाचे खांब, अंगण इतकं झाडलेलं की खराट्याच्या रेघा दिसाव्यात. एका उंच काठीवर कबुतरासारख्या पक्ष्याचा पिंजरा. दारातच पाक कार्योंनी हात जोडून काहीतरी म्हटलं. वुलानने सांगितलं, "बाबा माफी मागतायत. म्हणतात, आमची झोपडी तुमच्या लायक नाही आणि घरात खायलाही काही नाही."

त्या घरात खायला नाही म्हणून समोर काय आलं ते ऐका: भात, नारळाच्या रसातली भाजी, फणसाची गोडसर भाजी, तळलेलं तेम्पे म्हणजे सोयाबीनची आंबवलेली वडी, अंडी, आणि एक लालभडक चटणी. शाकाहारी लोकांनो, त्या चटणीत कोळंबीचा वाटलेला गोळा असतो, आधी विचारून घ्या. बाबांनी बोट लावून चाखलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "जवला हाय यात!" पुढचे सगळे दिवस त्यांनी त्या चटणीवरच काढले.

मी वुलानला म्हटलं, एवढं सुंदर घर, आणि झोपडी काय? ती हसली. "आमच्याकडे आपलं ते नेहमी कमीच सांगायचं. घर चांगलं आहे असं स्वतः म्हणणं वाईट दिसतं. पाहुणा बघेल ना."

हे वाक्य तेव्हा मी गंमत म्हणून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि पाक कार्यो सकाळीच शेतावर गेले. मी उठून गेले तर दुभाष्यावाचून दोघांचं व्यवस्थित चाललेलं. एकजण लोंबी हातात घेऊन दाणा दाताखाली चिरडत होता, दुसरा माती चिमटीत घेऊन वास घेत होता. बाबा चिखलात उतरले, रोपांची जुडी घेतली आणि आवणी करायला लागले. गुडघ्याची तक्रार कुठे गेली कोण जाणे. शेजारी लावणी करणाऱ्या बायका कौतुकाने काहीतरी म्हणाल्या. मी बाबांना इतकं खुशीत शेवटचं कधी पाहिलं ते मला आठवेना, आणि त्याचं मला तिथेच वाईट वाटलं.

संध्याकाळी चुलीपाशी वुलान तेम्पे तळत होती. मी केळीची पानं पुसत बसले होते. ती म्हणाली, "तुमच्या बाबांना एक सांगायचंय. आमचं शेत विकत मागतायत. शहरातला एक बिल्डर, वसाहत बांधणार आहे. बदल्यात घरही देतो म्हणतो. भाऊ म्हणतो, द्या. मी म्हणते, नको. बाबांचं ठरत नाही. काल जेवताना तुम्ही सांगितलंत की तुमचं शेत बिल्डरला दिलं, तेव्हापासून ते म्हणतायत की ज्याने हे केलंय असा माणूस आपण होऊन आपल्या घरी आलाय. उद्या कापणीची पूजा आहे, तेव्हा ते विचारतील. मोठ्या माणसाला असं एकदाच विचारतात, पुन्हा पुन्हा नाही. मग तो म्हणेल ते धरून चालायचं." तेम्पे उलटून म्हणाली, "तुमच्या बाबांनी खरं सांगितलं म्हणजे झालं."

बाबा अंगणात पक्ष्याचा आवाज ऐकत बसले होते. मी सगळं त्यांना सांगितलं. म्हटलं, बाबा, खरं ते सांगा हं. खोके, ओल, नोटीस, सगळं.

"सांगीन ना. मी कशाला खोटं बोलू?" ते म्हणाले. "देऊ नको म्हणून सांगतंय त्याला."

पूजा बांधावरच होते. केळीच्या पानावर नारळाच्या दुधातल्या भाताची रास, अख्खी कोंबडी, उकडलेली अंडी, आणि मुद्दाम ठेवलेली बारीक सुकी मासळी. गाव मुसलमान आहे, पण भाताच्या देवीचा मान राखल्याशिवाय कुणी विळा लावत नाही. पहिल्या लोंब्या मोठ्या विळ्याने कापत नाहीत. बोटांत लपेल एवढं पातं असतं, ते मुठीत झाकून एकेक लोंबी खुडतात, देवी घाबरू नये म्हणून. पाक कार्योंच्या बायकोने त्या खुडल्या आणि मूल घ्यावं तसं फडक्यात घेतल्या. "आपल्यात नव्याच्या लोंब्या दाराला बांधाचे तसं," बाबा माझ्या कानाशी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग सगळे पानं घेऊन बांधावर बसले. शेजारपाजारचे आले होते, पाक कार्योंचा मुलगाही शहरातून आला होता. जेवण झाल्यावर पाक कार्यो बाबांसमोर बसले, नजर खाली, आवाज हळू. वुलानने सांगितलं, मी बाबांना सांगितलं: "तुम्हीही शेतकरी. तुम्ही तुमचं शेत दिलंत. बरं झालं का?"

सगळे बाबांकडे बघत होते.

बाबांनी तोंड उघडलं. मला अजून वाटतं, ते खरंच सांगणार होते. पण त्यांनी आधी खिशातून मोबाईल काढला. आमच्या टॉवरचा फोटो, गणपतीच्या रोषणाईतला. तो त्यांनी पाक कार्योंच्या हातात दिला आणि म्हणाले, "हे सगळं माझ्या शेतान उभं हाय."

मोबाईल हातोहात फिरला. कुणीतरी मजले मोजायला लागलं. पोहण्याचा तलाव मोठा करून बघितला. मुलाने लिफ्टबद्दल विचारलं, बाबांनी सांगितलं. गाड्या कुठे लावतात विचारलं, तेही सांगितलं. प्रत्येक उत्तराला बांधावरून कौतुकाचा आवाज येत होता आणि बाबांची पाठ ताठ होत होती. मी मधला दुभाषी, एकेक वाक्य पुढे पोचवत होते. वुलान माझ्याकडे न बघता तेच पुढे देत होती. पाक कार्योंनी मोबाईल दोन्ही हातांनी परत दिला आणि मान झुकवली. पुढे काही विचारलं नाही.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. सकाळी उठल्या उठल्या म्हणाले, "चल. त्याला सांगू. काल ऱ्हायलं सांगायचं."

निघायच्या आधी अंगणातच सगळ्यांना बसवलं. बाबांनी मन मोकळं केलं. घर चांगलं नाही म्हणाले. वर जीव घुसमटतो, खाली उतरलं तरी पायाला माती लागत नाही, फरशीच फरशी. खोक्यात भात लावतो, त्यावरून शेजारी भांडतात. शेत दिलं ते चुकलं. मी शब्द न शब्द सांगितला, वुलानने आवाज चढवून सांगितला. पाक कार्यो प्रत्येक वाक्याला हसून मान डोलवत होते. शेवटी त्यांनी बाबांचे हात हातात घेतले आणि काहीतरी बोलले.

वुलानचा चेहरा पडला. "ते म्हणतात, एवढा मोठा माणूस आणि किती नम्र. इतका मोठा वाडा, आणि आमच्यासमोर त्याला कमी लेखतोय."

"नाही गं, सांग त्यांना, हे खरं आहे!" मी म्हटलं.

"सांगितलं. जितकं सांगते तितके ते तुमच्या बाबांना जास्त मानतायत. फोटो त्यांनी डोळ्यांनी बघितलाय ना."

वाटेत खायला केळीच्या पानात बांधलेला भात घेऊन आम्ही निघालो. विमानतळाच्या रेल्वेत बाबा खिडकीशी बसले. शेतं मागे जात होती, पण ते बघत नव्हते. मग म्हणाले, "तो माझ्याकरं बघत व्हता ना बाय, तसं मना लई वर्सांन कुणी बघितलं नाय. म्हणून काढला फोटो." सोसायटीत ते नुसते ओल आणणारे आजोबा आहेत, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत आहे हे मी धरलं नव्हतं.

तुम्ही जायचं म्हणत असाल तर जरूर जा. कापणीच्या दिवसांत जा, खेड्यात राहा, कोणी जेवायला बसवलं तर यजमानाने "मोंग्गो" म्हणजे "घ्या" म्हणेपर्यंत थांबा. खर्च गोव्याच्या बऱ्या सहलीपेक्षा फार जास्त येत नाही, विमानाचं तिकीट सोडलं तर. पण ते शेत बघायला मिळेल असं आता सांगता येत नाही.

गणपती झाल्यावर वुलानचा मेसेज आला. सोबत फोटो: तोच बांध, मोजणीचे खुंट, त्यांना बांधलेल्या लाल पट्ट्या, आणि नव्या शर्टात पाक कार्यो. खाली तिने लिहिलं होतं: "करार झाला. बाबा तुमच्या बाबांचे आभार मानतात. विचारतात, दुमजली घरं आहेत, वरचं मागावं की खालचं? तुम्ही म्हणाल ते मागू."

बाबा बाल्कनीत होते. खोक्यातला भात लोंबीवर आला होता, आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून ते त्यावर आईची जुनी ओढणी बांधत होते. मी मेसेज वाचून दाखवला. त्यांनी फोटो जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला.

"खालचं घे म्हणावं," ते म्हणाले. "पाय तरी टेकतील."

मी लिहून पाठवलं. मग विचारलं, "बाबा, आणखी काही सांगू?"

त्यांनी गाठ घट्ट केली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.

"आता काय सांगशील," ते म्हणाले.