डब्याला कान लावणारे गृहस्थ

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेजाऱ्यांच्या ओळखीने ते कॉम्प्युटर दुरुस्त करायला शहाडहून आमच्या कळव्याच्या घरी आले, चपला दारात काढल्या, रुमालाने हात पुसले आणि खाली बसून कॉम्प्युटरच्या डब्याला थेट कान लावला.

चार दिवस स्क्रीनवर हार्ड डिस्कची एरर येत होती. बाबांनी आठ वर्षं खाडीकाठच्या बोलीतले शब्द जमवले होते. मी टाइप केलेले ते सगळे त्या डिस्कमध्ये होते. कॉम्प्युटर विकणारा दुकानदार फोनवर म्हणाला होता, "मेली ती. फॉरमॅट मारा." म्हणजे सगळं पुसून टाका!

"खरं सांगा," त्यांनी मान वर केली, "टीव्हीला हाणता तसं हिलाही हाणलंत ना?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी बाबांकडे. दोघांनीही हाणलं होतं.

बाबांनी दुकानदाराचा सल्ला सांगितला. "फॉरमॅट मी करणार नाही," ते तडकले. "छत एका कोपऱ्यात गळतं म्हणून घर पाडता का? पलंग सरकवता. हिचा खराब भाग सोडून देऊ, बाकीचं वाचवू."

दुपारभर ते फ्लॉपीमागून फ्लॉपी भरत बसले. चहा दोनदा गार झाला. शेवटी तीनच पानं गेली. ती बाबांनी तिथल्या तिथे मला पुन्हा सांगायला घेतली.

ते गृहस्थ जिना उतरले आणि दुकानदाराचा फोन आला. "काय मॅडम, कधी करताय फॉरमॅट?"

मी रिसीव्हर त्या घुरघुरणाऱ्या डब्याला लावून धरला. मग कानाशी आणून म्हटलं, "ऐकलंत? ही तुमची मेलेली."